बॉवर, जॉनी
(८ नोव्हेंबर १९२४ – २६ डिसेंबर २०१७). बर्फावरील हॉकीचा प्रख्यात कॅनडियन गोलरक्षक. दुय्यम लीगमधील दीर्घ कारकीर्दीनंतर उतारवयात मिळालेल्या यशाबद्दल विशेष प्रसिद्ध. जन्म सस्कॅचेवन प्रांतातील प्रिन्स ॲल्बर्ट येथे, युक्रेनियन वंशाच्या गरीब कुटुंबात. मूळ आडनाव किस्कन. लहानपणी झाडाच्या फांदीपासून केलेली काठी आणि जुन्या गादीपासून केलेली पायरक्षके वापरून तो खेळला. दुसऱ्या महायुद्धात अल्पवयातच तो सैन्यात दाखल झाला. परंतु संधिवातामुळे त्याला सैन्यातून मुक्त करण्यात आले.

१९४५ मध्ये तो अमेरिकन हॉकी लीगमधील क्लीव्हलंड बॅरन्स या संघात आला. नॅशनल हॉकी लीग ही या खेळातील सर्वोच्च स्पर्धा. तीत १९४२ ते १९६७ या काळात केवळ सहा संघ होते व प्रत्येक संघ सामान्यतः एकाच प्रमुख गोलरक्षकावर विसंबून असे. त्यामुळे अनेक कुशल गोलरक्षकांना सारे आयुष्य दुय्यम लीगमध्ये घालवावे लागे. बॉवरही क्लीव्हलंडकडून आठ मोसम खेळला. १९५३-५४ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्स संघाने त्याला घेतले व त्या मोसमातील सर्व ७० सामने तो खेळला. तथापि पुढील मोसमात गंप वर्स्ली याला पुन्हा स्थान मिळाले आणि बॉवरची रवानगी व्हँकूव्हरला झाली. नंतरच्या चार मोसमांत रेंजर्सकडून त्याला अवघे ७ सामने मिळाले. या काळात तो प्रॉव्हिडन्स रेड्स व पुन्हा क्लीव्हलंड या संघांतून खेळला आणि १९५६ ते १९५८ अशी सलग तीन वर्षे अमेरिकन हॉकी लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. या लीगमध्ये त्याने ४५ सामन्यांत प्रतिपक्षास एकही गोल करू दिला नाही. हा उच्चांक २०१६ मध्ये मायकेल लेटन याने मोडला.

१९५८ मध्ये टोराँटो मेपल लीफ्स संघाने त्याची निवड केली, तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. क्लीव्हलंडमध्ये स्थिरावल्यामुळे तो प्रथम जाण्यास नाखूष होता. पुढे मात्र या संघाने १९६२, १९६३, १९६४ व १९६७ मध्ये स्टॅन्ली चषक जिंकला, त्यात त्याचा मोठा वाटा होता. १९६१ मध्ये त्याला व्हेझिना पारितोषिक मिळाले. १९६५ मध्ये ते त्याला टेरी सॉचक याच्यासमवेत विभागून मिळाले. १९६७ च्या अंतिम फेरीतील माँट्रिऑलविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्याने ६० फटके अडविले. चाल करून येणाऱ्या खेळाडूच्या काठीवरील चकती झेप घेऊन आपल्या काठीने दूर ढकलणे, हे त्याच्या खेळाचे वैशिष्ट्य होते. कारकीर्दीचा बहुतेक काळ तो मुखवट्याविना खेळला.

१९७० मध्ये तो निवृत्त झाला. १९७६ मध्ये हॉकीच्या कीर्तिमंदिरात आणि २००६ मध्ये अमेरिकन हॉकी लीगच्या कीर्तिमंदिरात, तेथील पहिल्याच तुकडीत, त्याचा समावेश झाला.