शिवारातले सोबती – भाग ९ : जागलीआधीची तालीम

हस्ताचा पाऊस सरतो, सोयाबीन खळ्यावर येतं आणि हदगाव तालुक्यात पैनगंगेच्या काठाकाठानं हरभऱ्याची पेरणी सुरू होते. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेडचा मुलूख आणि त्या अंगाला पैनगंगा अभयारण्याचं जंगल. हरभरा बोटभर वर आला की रोह्यांचे कळप आणि रानडुकरं रात्रीची शिवारात उतरतात. मग आखाड्या-आखाड्यावर जागल लागते. बॅटरी, फटाके, बडवायला पत्र्याचा डबा आणि सोबत कुत्रं, एवढाच बहुतेकांचा सरंजाम.

यातलं बाकी सगळं बाजारातून आयत्या वेळी आणता येतं. कुत्र्याचा दम तेवढा आयता मिळत नाही. तो दीड-दोन महिने आधीपासून कमवावा लागतो आणि नेमकं तेच बहुतेक ठिकाणी राहून जातं. मागच्या भागात मराठवाड्यातल्या कारवानी आणि पश्मी कुत्र्यांची ओळख झाली. या भागात त्यांच्या तयारीविषयी.

कारवानी म्हणजे आखूड केसांचं, पश्मी म्हणजे कान, शेपूट आणि पायांवर रेशमी झुपके असणारं. दोन्ही एकाच वळणाची: लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, उंची सव्वादोन फुटांच्या आसपास. इराण-अफगाणिस्तानकडच्या व्यापारी तांड्यांबरोबर त्यांचे पूर्वज दख्खनमध्ये आले असं परंपरेनं सांगितलं जातं. बंजारा तांड्यांवरच्या अशाच वेगवान कुत्र्यांची नोंद एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखकांनीही केली आहे. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात हेच रक्त मुधोळ हाउंड म्हणून नावाजलं. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्यानं भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. लातूर-नांदेडच्या पश्मीच्या वाट्याला तेवढा मान आला नाही. याची खंत इथल्या पाळणाऱ्यांना असते आणि ती रास्त आहे.

ही कुत्री घडली ती ससा, कोल्हा, हरणामागे धावण्यासाठी. ते काम आता संपलं आहे आणि संपलं हे योग्यच झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या नुसत्या मारण्यापुरती नाही. जनावराचा पाठलाग करणं, त्याला हाकून नेणं, त्याला इजा करणं आणि तसा प्रयत्न करणं हेही त्यात येतं. सशालासुद्धा संरक्षण आहे, काळवीट तर सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत आहे. रोही आणि रानडुकरानं पीक नासवलं तर वनखात्याकडे पंचनामा आणि भरपाईची वाट आहे. परवानगीशिवाय त्यांच्या जिवावर उठता येत नाही. तेव्हा आजच्या कुत्र्याचं काम राखणीचं: चाहूल घ्यायची, भुंकायचं, धुऱ्यापर्यंत रेटा द्यायचा आणि परत फिरायचं.

काम बदललं की तयारीही बदलते. शिकारी कुत्र्याला एक जीवघेणी धाव पुरत असे. अर्ध्या-पाऊण मिनिटात निकाल लागे. जागलीच्या कुत्र्याला रात्रीतून पाच-सहा वेळा उठावं लागतं, दरवेळी दोन-तीनशे मीटर जावं लागतं आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. वेग त्याला जन्मानं मिळालेला असतो. या वळणाच्या कुत्र्यांत सर्वांत जास्त अभ्यास झालाय तो ग्रेहाउंडचा. त्याचं हृदय वजनाच्या मानानं इतर कुत्र्यांपेक्षा मोठं असतं आणि रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाणही जास्त असतं. ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास वेग तो काही सेकंदांत गाठतो. पण हा वेग थोड्या वेळापुरताच. पुन्हापुन्हा धावण्याची ताकद सरावानंच येते.

इंग्लंडमधल्या कोल्ह्याच्या शिकाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. तिकडचा शिकारीचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. त्यामुळे शिकारी कुत्र्यांना उन्हाळ्यातच रस्त्यांवरून मैलोनमैल चालवत, आधी पायी, मग सायकलमागे. इंग्लंड-वेल्समध्ये फेब्रुवारी २००५ पासून कुत्र्यांकरवी होणाऱ्या शिकारीवर बंदी आली, तरी आधी चाल आणि मग धाव हा त्यांचा क्रम कुठल्याही कामाच्या कुत्र्याला लागू पडतो.

हदगावात हा क्रम महालक्ष्म्यांच्या सुमारास सुरू व्हायला हवा. पावसाळ्यात काळ्या रानात पाय ठेवता येत नाही, म्हणून कुत्रं दोन-अडीच महिने गोठ्यात किंवा ओसरीत साखळीला असतं. त्यात एक तर ते अंगानं सुटतं, नाही तर गोचिडांनी आणि जंतांनी खंगतं. चालवायला काढण्याआधी ते कोणत्या अवस्थेत आहे हे हातानं चाचपून पाहावं. कारवानी-पश्मीच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या आणि कमरेची हाडं दिसणं हे त्यांचं निरोगी रूप आहे. मात्र मांडीचं आणि पाठीचं मांस हाताला भरीव लागलं पाहिजे. फासळ्या दिसतात आणि मांडीही बसलीय, असं असेल तर तो काटकपणा नव्हे, ती उपासमार किंवा आजार.

मग ओठ उचलून हिरडी पाहायची. ती गुलाबी असावी. पांढुरकी दिसली तर चालवणं थांबवून तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठायचा. गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया आणि बबेसिया हे आजार रक्त कमी करतात, आणि असं कुत्रं 'आळशी झालं' म्हणून मार खातं तेव्हा वाईट वाटतं. रक्तच कमी असेल तर ते धावणार कशाच्या जोरावर? गोचीड मारणारं औषध, जंताची मात्रा आणि रेबीजची वार्षिक लस, ही तिन्ही कामं एकाच फेरीत उरकतात. शस्त्रक्रियेची वेळ आली तर उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा आधार आहे. तिथं कुत्र्याची जात आवर्जून सांगावी, कारण अंगावर चरबी नसलेल्या या वळणाच्या कुत्र्यांना काही भुलीची औषधं फार वेळ चढून राहतात.

आता पाय. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथंच होतं.

पावसाळाभर ओल्यात उभं राहून पंजाच्या गाद्या मऊ पडलेल्या असतात. सोयाबीन काढल्यावर रानात उरतात ती धसकटं, तिरपी कापलेली आणि वाळून टणक झालेली. मऊ गाद्यांचं कुत्रं अशा रानात पहिल्याच रात्री सोडलं की सकाळी चारही पाय चाटत बसतं आणि पुढचा आठवडा वाया जातो. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त चाल, दोरी हातात धरून. आधी मुरमाड पांदीनं वीस मिनिटं, हळूहळू पाऊण तास, आणि पहाटे रस्ता गार असताना थोडं डांबरीवरून. गादी अशी घासून घासून जाड होते. नखं वाढलेली असतील तर ती बेतानं कापावीत, कारण लांब नखांनी बोटं फाकतात आणि धावताना मुरगळतात. घरी परतल्यावर बोटांच्या बेचक्यात सराटे, कुसळं आणि वाळलेल्या चिखलाच्या गोळ्या शोधायच्या. कुसळ कातडीत शिरलं की आत सरकत जातं, पू धरतं आणि बाहेर दिसते फक्त बारीकशी पुळी. कानातही ते जातं. कुत्रं एकाच बाजूला डोकं झटकत असेल तर कुसळाचा संशय घ्यावा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चालीत दुडकी धाव मिसळायची. सायकल घेऊन दहा मिनिटं दुडकी, पाच मिनिटं चाल, असं आलटून-पालटून. माळाचा चढ असेल तर उत्तम. चढावर मागच्या पायांना काम मिळतं आणि वेग आपोआप आटोक्यात राहतो. मोकळी धाव पाचव्या आठवड्याच्या आधी नको. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण स्नायुबंध आणि हाडं मागाहून. कुत्रं उत्साहात दिसतं म्हणून लवकर सोडलं की नेमका हाच उशिरा घडणारा भाग तुटतो. मोकळी धाव आठवड्यातून दोनदाच, आधी दहा मिनिटं चालवून, आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती.

ऑक्टोबरचं ऊन हा या काळातला मोठा शत्रू. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांतून थोडासा येतो, बाकीची उष्णता धापेतून जाते. त्याचं शरीर ३८ ते ३९ अंशांवर चालतं आणि ४१ च्या पुढे गेलं की जिवाशी गाठ. म्हणून सराव उजाडताना किंवा दिवस मावळल्यावर. जीभ रुंद होऊन लोंबली, हिरड्या लालभडक झाल्या, मागचे पाय लटपटले, की तिथंच थांबून पोटावर, मांड्यांवर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि दवाखान्याकडे निघायचं.

खाण्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. पंचवीस किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाच दिवसाला सुमारे ८०० किलोकॅलरी लागतात. जागलीच्या दिवसांत त्याच्या दीडपट ते दुप्पट. ज्वारीची भाकर आणि ताक यावर पोट भरतं, पण स्नायू बांधायला लागणारी प्रथिनं आणि लांब कामाला लागणारी चरबी त्यातून पुरेशी मिळत नाही. रोज दोन उकडलेली अंडी, आठवड्यातून काही वेळा शिजवलेली वजडी किंवा मासळी, भाकरीवर चमचाभर तेल, एवढ्यानं फरक दिसू लागतो. ही वाढ हळूहळू, आठवडाभरात करावी, नाही तर हगवण लागते. घरातलं कालवण भाकरीवर ओतायची रीत मात्र सोडावी. त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. बुरशी आलेली भाकर आणि जुनी शेंगदाण्याची पेंड ही त्याहून वाईट. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृत नासवतं. शिजलेली हाडं टोकदार फुटतात, तीही टाळावीत. आणि भरल्या पोटी कुत्रं कधीच सोडू नये. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून त्याला पीळ पडतो आणि काही तासांत खेळ संपतो. मुख्य जेवण सकाळी, काम संपून धाप शमल्यावर.

शरीर तयार झालं तरी अर्धं काम उरतंच, ते म्हणजे परत फिरण्याची सवय. ही कुत्री नजरेनं पाठलाग करणारी आहेत. जनावर पळताना दिसलं की हाक कानात शिरत नाही. म्हणून लांब दोरी लावून धुऱ्यापर्यंत जाऊ द्यायचं, शिट्टी मारायची, आणि फिरलं की लगेच अंड्याचा तुकडा. महिनाभर रोज, एकाच शिट्टीनं. न फिरणारं कुत्रं नदी ओलांडून जंगलात जातं. तिथं रानडुकराचा सुळा त्याचं पोट फाडू शकतो आणि बिबट्याला तर कुत्रं आयतंच मिळतं. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात तो यासाठीच, आणि जंगलालगतच्या आखाड्यांवर तो असायला हरकत नाही.

जंगलालाही कुत्र्यापासून धोका आहे. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत कॅनाइन डिस्टेंपरच्या साथीनं जवळपास एक तृतीयांश सिंह मेले. २०१८ मध्ये गीरमधल्या सिंहांच्या मृत्यूंमागेही हाच विषाणू सापडला. पैनगंगेच्या जंगलात वाघ-बिबट्यांचा वावर आहे. त्यामुळे डिस्टेंपरची लस ही कुत्र्याइतकीच त्यांच्यासाठीही आहे, हे काठावरच्या प्रत्येक आखाड्यानं मनावर घेतलं पाहिजे.

मार्गशीर्ष वद्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, लाल कंधारी बैल यांच्या जोडीनं तिथं श्वानप्रदर्शनही असतं. तोवर नीट तालीम झालेलं कुत्रं ऐन भरात आलेलं असतं. तिथं विकत घेणाऱ्यानं तुकतुकीत अंगावर भाळू नये. कुत्रं शंभर पावलं चालवून पाहावं, पंजा उलटा करून गादी दाबून पाहावी, ओठ उचलावा, आणि धावल्यावर त्याची धाप किती वेळात बसते ते उभं राहून बघावं.

पुढच्या आठवड्यात : पिलाची निवड आणि पहिले सहा महिने.