कोकणातील परसात गादीवाफे

कोकणात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घरामागील सपाट वाफ्यात लावलेली मिरची-वांग्याची रोपे मुळाशी कुजून आडवी होतात आणि ऐन श्रावणात, घरात मासळी बंद असते त्याच वेळी, गृहिणीस भाजीसाठी बाजार गाठावा लागतो. दोष बहुधा बियाण्याचा नसून मुळांपाशी तुंबलेल्या पाण्याचा असतो.

यावर गादीवाफा हा सोपा उपाय होय. वाफा जमिनीपासून वीतभर उंच व एक मीटर रुंद करावा. रुंदी याहून वाढविल्यास मधल्या रोपांपर्यंत हात पोहोचत नाही. मग वाफ्यात पाय पडतो व भुसभुशीत माती दडपते. कडेला जांभ्याचे चिरे लावले म्हणजे माती वाहून जात नाही; फुटके चिरेही चालतात. दोन वाफ्यांमधील चरास उतार हवा. येथेच पुष्कळदा हयगय होते व उंच वाफाही पाण्यात उभा राहतो. मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे.

लाल माठाचे बारीक बी वाळूत मिसळून ओळीत पेरावे व उगवण होईपर्यंत वर भाताचा पेंढा पातळ पसरावा. भाजी महिन्याभरात काढणीस येते. म्हणून सारा वाफा एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांनी थोडाथोडा पेरावा. मिरची, वांगी व भेंडी दुसऱ्या वाफ्यात. पडवळ, दोडका, कारली कुंपणाकडील मांडवावर. अळूस मात्र गादीवाफ्याची गरज नाही. त्यास मोरीकडची ओल जागाच मानवते.