चिंचोक्यांपासून जादुई पिटाऱ्यापर्यंत

लहान मुलांना पाटी देण्याआधी त्यांच्या हाताला काम द्यावे, हा विचार महाराष्ट्रात रुजला तो बराचसा गुजरातमार्गे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक १९२३ मध्ये तिथे दाखल झाल्या आणि मारिया माँटेसरी यांची साधने मुले कशी हाताळतात, हे त्यांनी जवळून पाहिले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले.

त्या साधनांतले लाकडी दट्टे पाहिले की या पद्धतीचे मर्म कळते. एका ठोकळ्यात दहा खाचा आणि प्रत्येक खाचेत बरोबर बसणारा एकेक दट्टा. बारीक दट्टा मोठ्या खाचेत गेला, तर शेवटी एक जाड दट्टा उरतो आणि तो कुठेच बसत नाही. मूल स्वतःच थांबते, सगळे उपसते, पुन्हा लावते. बाईंनी तोंड उघडायची गरज पडत नाही. पण यासाठी सुतारकाम अगदी नेटके हवे. खाच जराशी सैल झाली तरी चूक लपते आणि साधनाचा अर्थच जातो. साहजिकच ही साधने महाग होती.

ही किंमत खेड्याला कशी पेलणार? ताराबाईंनी १९४५च्या डिसेंबरात बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर मला भारतीय बालशिक्षणातले सर्वांत मोठे पाऊल वाटते. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. बालविधवा झालेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई बोर्डीला आल्या आणि पुढे त्यांचे सगळे आयुष्य याच कामात गेले. समुद्रकिनारी शिंपले होते, झाडाखाली चिंचोके होते. बांबू, करवंट्या, पाने, खडे, माती सगळे हाताशी होते. लहानमोठे शिंपले वेगळे करणे हा वर्गीकरणाचा पाठ. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग लावणे हे गणित. पाने उतरत्या क्रमाने मांडणे, डोळे मिटून खडबडीत आणि गुळगुळीत ओळखणे, मातीच्या गोळ्या वळणे, शेंगा सोलणे, एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी न सांडता ओतणे, यांतल्या कशालाही सुतार लागत नव्हता.

मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आधी हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे, मग खेळ. पाठच्या भावंडाला सांभाळायला बहीण घरी अडकते, हे ध्यानात घेऊन पुढे बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडली गेली, तीच विकासवाडी. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा चालली. ज्या हातांना घरी काम होतेच, त्या हातांकडून शिकायला सुरुवात करायची, ही दृष्टी इथे आहे. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या; अनुताई १९९२ पर्यंत होत्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्यामार्फत अंगणवाडी देशभर पोचली. तिने आहार, लसीकरण आणि वजनकाट्याचे मोठे काम उचलले; खेळातून शिकवणे मात्र बऱ्याच ठिकाणी मागे पडले.

शहरांत वेगळेच घडत होते. इंग्रजी माध्यमाच्या ओढीने नर्सरीची लाट आली आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल आली. पालकांना वहीची भरलेली पाने दिसतात, मातीकाम दिसत नाही. पण पेन्सिल धरायला आधी मनगट तयार हवे. मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि आठही हाडे तयार व्हायला साधारण दहा-बारा वर्षे लागतात. मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे, कणीक मळणे यांनी ते मनगट आणि बोटे हळूहळू तयार होतात. पेन्सिलची पकड त्यानंतरची. १९९३ मध्ये यशपाल समितीने नर्सरी प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती घेण्याची प्रथा बंद करावी, अशी शिफारस केली होती. तरी मुलाखतींचा तो सोस पुढेही टिकून राहिला, याचे वाईट वाटते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकसंध पायाभूत टप्पा मानला. २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला आणि २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ : खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रकार्डे, गोष्टींची पुस्तके. सरकारी पातळीवर मुलांच्या खेळण्याला एवढा मान मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे.

एक काळजी मात्र आहे. बोर्डीत शिंपले फुटले तर किनारा जवळच होता. पिटाऱ्यातले कोडे हरवले, बाहुलीचा हात तुटला, तर त्याचा जाब अंगणवाडी सेविकेला द्यावा लागेल का? तिच्या मानधनातून भरपाई होणार असेल, तर ती पेटी कुलपातच ठेवील आणि तिला दोष देता येणार नाही. म्हणून तुटफुटीसाठी दरवर्षी थोडी वेगळी रक्कम हवी, हरवलेल्या वस्तूंची चौकशी नको आणि शेजारी चिंचोक्यांची, खड्यांची टोपली भरलेली हवी. सेविकांच्या प्रशिक्षणात गावातल्या वस्तूंपासून साधने बनवण्याला पुरेसा वेळही हवा. कोसबाडला शिक्षिका त्याच वाटेने तयार झाल्या.