ठरलेल्या सौद्यातील तिसरा पक्ष

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला एक गोष्ट गल्ल्यावर बसण्याआधीच कळलेली असते. विकणाऱ्याने भाव सांगितला, घेणाऱ्याने तो मान्य केला, इसार हाती पडला की सौदा झाला. मग कोणी चार पैसे अधिक घेऊन आला तरी शब्द फिरवायचा नसतो. परंतु काही व्यवहार असेही असतात, की ज्यांत दोघांचे एकमत होऊन, सह्या होऊन आणि इसार भरूनही सौदा पुरा होत नाही. ठरलेला कागद आधी एका तिसऱ्या पक्षापुढे जातो. तो पक्ष ‘मला नको’ म्हणाला तरच माल खरेदीदाराला मिळतो. ‘मीच घेतो’ म्हणाला तर खरेदीदार इसार परत घेऊन रिकाम्या हाताने निघतो.

या हक्काला इंग्रजी व्यवहारात ‘राइट ऑफ फर्स्ट रिफ्युजल’ म्हणतात. मराठीत त्याला अग्रक्रयाचा हक्क म्हणता येईल. अमेरिकेतील टाइमशेअरच्या पुनर्विक्रीत तो रोज वापरला जातो. महाराष्ट्रातील अनेक जैन कुटुंबांची मुले-मुली आज त्या देशात स्थायिक आहेत आणि सुट्टीतल्या निवासासाठी असे हिस्से घेण्याचा विचार त्यांच्याही घरांत होतो. म्हणून या हक्काची रीत समजून घेणे उपयोगाचे आहे.

हिस्सा कशाचा?

टाइमशेअर म्हणजे सुट्टीच्या निवासाचा वाटून घेतलेला हक्क. पूर्वी तो बहुधा वर्षातील एका ठरावीक आठवड्याचा असे. आता अनेक ठिकाणी गुणांची, म्हणजे पॉइंटांची, पद्धत आहे. फ्लोरिडात १९९१ साली सुरू झालेला डिस्ने व्हेकेशन क्लब हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तेथे सभासदाच्या नावे रीतसर खरेदीखत होते, पण जमीन भाडेपट्ट्याची असल्याने हक्काला मुदत असते. क्लबच्या पहिल्या रिसॉर्टमधील मूळ करार ३१ जानेवारी २०४२ रोजी संपतात. सभासदाला दरवर्षी ठरावीक पॉइंट मिळतात आणि दरवर्षी देखभालीचे शुल्कही भरावे लागते. सुट्टीला जावो वा न जावो, शुल्क चुकत नाही.

कालांतराने मुले मोठी होतात, गरजा बदलतात आणि सभासदाला हिस्सा विकावासा वाटतो. तो कंपनीकडे न जाता दलालामार्फत दुसऱ्या कुटुंबाला विकतो. हीच पुनर्विक्री, आणि येथेच अग्रक्रयाचा हक्क जागा होतो.

कागदाचा प्रवास

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. न्यू जर्सीतील एका कुटुंबाने १५० पॉइंटांचा हिस्सा प्रत्येकी १०० डॉलर दराने, म्हणजे १५,००० डॉलरला घेण्याचे ठरवले. विक्रेत्याने आणि खरेदीदाराने करारावर सह्या केल्या. इसाराची रक्कम विक्रेत्याच्या खिशात न जाता तटस्थ संस्थेकडे अनामत राहिली. आता हा सही झालेला करार कंपनीकडे जातो आणि निर्णयासाठी तिला साधारण तीस दिवसांची मुदत असते.

कंपनीपुढे दोनच वाटा असतात. ती हक्क सोडल्याचे लेखी पत्र देते आणि व्यवहार पुढे सरकतो. नाहीतर त्याच भावाने, त्याच अटींवर हिस्सा स्वतः विकत घेते. तिला भाव पाडून मागता येत नाही किंवा दीडशेपैकी पन्नासच पॉइंट उचलता येत नाहीत. घ्यायचे तर पूर्ण आणि लिहिले आहे तसे. नोंदणीचा खर्च कोणाचा, चालू वर्षाचे शुल्क कोणी भरायचे, यंदाचे पॉइंट खरेदीदाराला मिळणार की विक्रेत्याने आधीच वापरले, हे सारे त्या अटींतच येते.

कंपनीने हिस्सा घेतला तरी विक्रेत्याचे काही बिघडत नाही. त्याला ठरलेले १५,००० डॉलर मिळतात. खरेदीदाराला इसार परत मिळतो, पण महिनाभराची प्रतीक्षा वाया जाते. म्हणून हक्क सोडल्याचे पत्र हाती येण्यापूर्वी विमानाची तिकिटे काढणे शहाणपणाचे नसते.

कंपनी हक्क का वापरते?

याचे उत्तर कोणताही घाऊक व्यापारी देऊ शकेल. आपल्याच मालाची बाजारात फार स्वस्तात उलाढाल होऊ लागली, तर नव्या मालाला भाव मिळत नाही. म्हणून स्वस्त सौदे कंपनी उचलते आणि तोच हिस्सा पुढे नव्या भावाने विकते. पुनर्विक्रीच्या भावाला खालून आधार मिळतो आणि विकायला मालही हाती येतो. साहजिकच भाव जितका कमी, तितका सौदा उचलला जाण्याचा संभव अधिक. मात्र कंपनी आपला निकष जाहीर करीत नाही. कधी स्वस्त सौदा सुटतो, तर कधी मध्यम भावाचाही जातो.

हक्क म्हणजे हमी नव्हे

अनेकांची गफलत येथे होते. कंपनीला विकत घेण्याचा पहिला हक्क आहे, याचा अर्थ कंपनी कधीही विकत घेईल असा ते काढतात. प्रत्यक्षात हा कंपनीचा हक्क आहे. ते तिचे कर्तव्य नाही. बाहेर खरेदीदार सापडला तरच तो जागा होतो. खरेदीदारच न मिळाल्यास सभासदाला हिस्सा सांभाळावा लागतो आणि वार्षिक शुल्क भरत राहावे लागते. विक्रीच्या वेळी ‘कंपनी परत घेतेच’ असे कोणी तोंडी सांगितले, तर ते करारात कोठे लिहिले आहे हे विचारावे.

कंपनीकडून थेट खरेदी केलेल्यास फ्लोरिडाच्या कायद्यानुसार दहा दिवसांत करार रद्द करता येतो. ते दहा दिवस कागद वाचण्यासाठीच आहेत, असे समजावे. पुनर्विक्रीतील हिस्सा नेहमी कंपनीच्या हिश्शाइतकाच सवलतींचा असतो, असेही नाही. डिस्नेच्या क्लबने १९ जानेवारी २०१९ पासून जुन्या चौदा रिसॉर्टांचे पुनर्विक्रीत घेतलेले पॉइंट नव्या रिसॉर्टांत वापरण्यावर बंधन आणले. स्वस्त भावामागे असे कारण दडलेले असू शकते.

कागदावरचा भाव

या व्यवहारातील खरी परीक्षा भाव लिहिण्याची आहे. कोणाला वाटेल, की कागदावर भाव थोडा लिहावा आणि उरलेली रक्कम हातोहात द्यावी. पण तिसरा पक्ष कागदावरच्याच भावाने माल उचलू शकतो. १५,००० चा हिस्सा १०,००० ला लिहिला आणि कंपनीने तो घेतला, तर विक्रेत्याला १०,००० वरच समाधान मानावे लागते आणि त्याला दादही मागता येत नाही. याच्या उलट, कंपनीला परावृत्त करण्यासाठी भाव फुगवून लिहिणे आणि फरक मागाहून परत घेणे ही तर उघड फसवणूक ठरते. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लेखन, का गणली आहे ते येथे व्यवहारातूनच पटते. अग्रक्रयाच्या हक्कापुढे खरा भाव लिहिणारा मनुष्य सुरक्षित राहतो.

हाच हक्क घरातही

हा हक्क केवळ परदेशी रिसॉर्टांपुरता नाही. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे आणि त्याचे कलम २२ याच तत्त्वावर उभे आहे. वडील मृत्युपत्र न करता निवर्तले, त्यांची पेढी किंवा दुकानाची जागा मुलामुलींकडे व आईकडे वारशाने आली आणि त्यांपैकी एकाने आपला हिस्सा विकायचे ठरवले, तर इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो. किमतीवर एकमत न झाल्यास ती न्यायालय ठरवते. घेणारे वारस एकाहून अधिक असल्यास सर्वाधिक किंमत देणाऱ्यास प्राधान्य मिळते. हे कलम शेतजमिनीलाही लागू पडते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

कुटुंबाच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत मात्र अधिक सावध राहावे लागते. भाऊ-भाऊ आपापसांत ठरवतात, की शेअर विकायचे झाले तर आधी घरातच विचारायचे. पण ही अट कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये, नसेल तर ती कंपनीवर बंधनकारक ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एका कौटुंबिक कंपनीच्या वादातच दिला. घरातला शब्द कितीही पक्का असला, तरी तो योग्य कागदावर उतरला नाही तर बाहेरच्या माणसाच्या हाती शेअर जाऊ शकतात.

अग्रक्रयाची अट लिहिताना चार प्रश्नांची उत्तरे कागदावर असावीत. सूचना कोणी, कोणत्या रीतीने द्यायची? उत्तरासाठी किती दिवस? किंमत बाहेरच्या खरेदीदाराची धरायची की मूल्यांकनकाराची? आणि मुदतीत उत्तर आले नाही तर विक्रेता मोकळा होतो का? फ्लोरिडातील टाइमशेअरच्या करारांत ही उत्तरे लिहिलेली असतात, म्हणूनच तेथे अनोळखी माणसांचा सौदाही महिनाभरात निकाली लागतो. सख्ख्या भावांच्या करारात ती नसतील, तर त्याच प्रश्नांसाठी वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी चढावी लागते.