बाहेरची जकात आणि घरची पेठ

राज्य हाती आले म्हणजे व्यापारही त्याच्या मागोमाग हाती येतो, अशी पुष्कळ देशाभिमानी मंडळींची समजूत असते. ती कितपत खरी आहे हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी उत्तर अमेरिकेतील तेरा संस्थानांची १७८३ नंतरची हकीकत वाचावी. त्या साली पॅरिसच्या तहाने इंग्लंडने त्यांचे स्वातंत्र्य मान्य केले, आणि लगोलग इंग्रजी मालाने अमेरिकन बंदरे भरून गेली. मध्यवर्ती काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. एका संस्थानाने परकी मालावर जकात वाढविली की शेजारच्याने ती उतरवावी व व्यापार आपल्या बंदरी ओढून न्यावा, असा प्रकार चालला. परक्यांशी झगडावयाचे राहिले बाजूस. ही भावंडे आपसांतच हमरीतुमरीवर आली. न्यूयॉर्कने न्यू जर्सीच्या होड्यांवर कर बसविला, तेव्हा न्यू जर्सीने सँडी हुक येथील न्यूयॉर्कच्या मालकीच्या दीपगृहावर कर बसवून त्याचे उट्टे काढले!

१७८७ साली फिलाडेल्फिया येथे जी राज्यघटना तयार झाली तिची स्तुतिस्तोत्रे पुष्कळांनी गाइली आहेत. आमच्या मते व्यापाऱ्याने तिच्यातील दोनच गोष्टी ध्यानात धराव्या. संस्थानासंस्थानांमधील व्यापाराचे नियमन काँग्रेसकडे गेले, आणि काँग्रेसच्या संमतीवाचून आयातनिर्यातीवर जकात घेण्याची संस्थानांस मनाई झाली. तेरा पेठांची एक पेठ झाली ती येथे. अर्थात कागदावरचे कलम आपल्या पायांनी चालत नाही. न्यूयॉर्क संस्थानाने आपल्या हद्दीतील पाण्यात आगबोटी चालविण्याचा मक्ता लिव्हिंग्स्टन व फुल्टन यांस दिला होता. त्यांच्याकडून परवाना घेतलेल्या ऑग्डन यांनी, न्यू जर्सीहून बोटी आणणाऱ्या गिबन्स यांच्यावर फिर्याद केली आणि न्यूयॉर्कच्या कोर्टांत ती जिंकलीही. १८२४ साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी तो निकाल फिरविला. संस्थानाचा मक्ता काँग्रेसच्या कायद्यापुढे टिकत नाही असे ठरले. वकिली धंद्यातील माणसास हा निकाल प्रिय वाटावा यात नवल नाही. पण तो आडत्यालाही तितकाच प्रिय वाटावा. पुढल्याच वर्षी, ज्या न्यूयॉर्कने तो मक्ता दिला होता त्याच न्यूयॉर्कने खणलेला ३६३ मैलांचा ईरी कालवा खुला झाला. बफलोहून न्यूयॉर्क शहरी एक टन माल आणावयास पूर्वी सुमारे शंभर डॉलर पडत, ते दहाच्या आसपास आले.

आमच्याकडे मात्र अमेरिकेचे नाव निघाले की गोष्ट निघते ती संरक्षक जकातीची. त्यास कारणही आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्यास डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात इंग्रज पंडितांचे सिद्धांत सर्व देशांस सारखे लागू नाहीत हे दाखविताना त्यांनी हॅमिल्टन व केरी या अमेरिकनांची साक्ष काढली होती. हॅमिल्टन यांचा कारखान्यांविषयीचा अहवाल १७९१ सालचा. त्याआधी दोन वर्षे वॉशिंग्टन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली ती कनेक्टिकटात विणलेल्या बनातीचा पोशाख करून. परंतु पोशाखाने व अहवालाने गिरण्या उभ्या राहिल्या नाहीत. १८०७ च्या अखेरीस अमेरिकेने स्वतःच आपला परदेशी व्यापार बंद केला, पुढे १८१२ त इंग्लंडशी युद्ध जुंपले, आणि परका माल येईनासा झाला. तेव्हा कोठे न्यू इंग्लंडातील भांडवल जहाजांतून निघून चात्यांत शिरले. १८१५ त शांतता झाली, इंग्रजी कापड पुन्हा येऊ लागले, आणि गिरणीवाले काँग्रेसच्या दारी गेले.

१८१६ च्या जकातीतील एक कलम आमच्या वाचकांनी अवश्य पाहावे. सुती कापडावर जकात शेकडा २५. पण कापड कितीही स्वस्त असो, चौरस वाराला त्याची किंमत निदान २५ सेंट धरावयाची. म्हणजे सहा सेंटांच्या मांजरपाटावर सव्वासहा सेंट जकात! भारी कापड नेसणारास शेकडा २५, आणि जाडेभरडे नेसणारास शंभराहून अधिक. हे कलम घालण्यासाठी मॅसॅच्युसेट्सचे गिरणीवाले फ्रान्सिस कॅबट लोवेल यांनी वॉशिंग्टनास खेपा घातल्या. आणि त्याचा पहिला घाव बसला तो हिंदुस्थानातून जाणाऱ्या स्वस्त कापडावर. ज्या जकातीचे आम्ही गोडवे गातो ती आमच्याच विणकराच्या पोटावर आली होती, हे तिच्या आमच्याकडील चाहत्यांच्या तोंडून फारसे ऐकू येत नाही. त्या जकातीवाचून अमेरिकेच्या गिरण्या वाढल्या असत्या की नाही, याविषयी अर्थशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. एवढी मोठी निर्वेध पेठ नसती तर नुसत्या जकातीने त्या वाढल्या नसत्या, असे आम्हांस वाटते.

दक्षिणेकडील मळेवाले या जकातीवर पुढे चिडले. १८३२ त साउथ कॅरोलायनाने ती आपल्या हद्दीत रद्दबातलही ठरविली. आमचा कापूस परदेशी विकावा आम्ही, आणि कापड मात्र महाग घ्यावे उत्तरेचे, ही त्यांची तक्रार हिशेबाने खोटी नव्हती. फक्त तो कापूस वेचणाऱ्यांस त्या हिशेबात मजुरीचा रकाना नव्हता. लोवेल यांच्या गिरणीत दक्षिणेचाच कापूस कातला जाई. यादवी युद्धापूर्वीच्या पंचवीस वर्षांत देशाच्या एकंदर निर्यातीपैकी निम्मे मूल्य जवळपास एकट्या कापसाचे होते. १७९० च्या खानेसुमारीत गुलाम होते सुमारे सात लाख. १८६० त ते चाळीस लाखांच्या घरात गेले. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास बंदी होती, पण देशातल्या देशात व्हर्जिनिया व मेरीलँड येथून न्यू ऑर्लीन्सच्या बाजारी माणसे नेऊन विकण्यास नव्हती. ज्या एका पेठेचे आम्ही वर कौतुक केले, तिच्यात हा मालही खुलेपणी फिरत होता, आणि घटनेने काँग्रेसला दिलेला व्यापारनियमनाचा अधिकार तो बंद करण्याकडे वापरला गेला नाही. तो बंद झाला चार वर्षांच्या यादवीनंतर, १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने.