तुमचा ग्राहक नेमका कोण? ‘सगळेच’ हे उत्तर चालणार नाही!

नवीन व्यवसाय सुरू करणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असतो, “तुमचा ग्राहक कोण?” बहुतेक वेळा उत्तर येतं, “सर, सगळेच! जेवायला तर सगळ्यांनाच लागतं ना?”

इथेच गडबड होते. कशी, ते बघूया.

समजा, तुम्हाला पुण्यात घरगुती डबा सुरू करायचाय. सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला पोटभर आणि स्वस्त जेवण हवं. घरी दोघंच असलेल्या आजी-आजोबांना कमी तिखट भाजी आणि मऊ पोळी हवी. ऑफिसमधल्या माणसाला डबा जेवणाच्या सुट्टीआधी पोचायला हवा, म्हणजे हवाच! डबा एक, पण धंदे तीन. तिघांनाही एकाच डब्यात खूश करायला गेलात, तर मुलगा म्हणेल महाग, आजी म्हणतील तिखट आणि ऑफिसवाला म्हणेल उशीर झाला.

आता आपला वडापाव बघा. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. तिथून गिरणी कामगारांची ये-जा असायची. भूक मोठी, खिसा लहान आणि बसून खायला वेळ नाही. त्यांना काय हवं? स्वस्त, पोटाला आधार देणारं आणि चालता चालता खाता येईल असं काहीतरी. आज वडापाव सगळेच खातात, पण तो चालला तो एका ठरावीक माणसाची अडचण सोडवून. हे लक्षात ठेवा.

मग तुमचा ग्राहक कसा शोधायचा? वही घ्या आणि लिहा:

१. अडचण कोणाची आहे? नुसतं “वय २० ते ४०” लिहू नका. त्याची रोजची अडचण लिहा.

२. पैसे कोण देणार? आजोबांचा डबा आजोबा खातील, पण पैसे कदाचित परगावी असलेला मुलगा देईल. मग जाहिरात मुलापर्यंतही पोचायला हवी.

३. आज तो काय करतोय? अशा दहा जणांना भेटा. “माझा डबा घ्याल का?” असं विचारू नका. तोंडावर सगळे ‘हो’च म्हणतात. विचारा, “काल दुपारी कुठे जेवलात? किती पैसे गेले?” खरं उत्तर तिथे मिळतं.

४. असे लोक पुरेसे आहेत का? समजा, तुमचा महिन्याचा ठरलेला खर्च १२,००० रुपये आहे आणि एका डब्यामागे २० रुपये सुटतात. म्हणजे नुसता खर्च निघायला ६०० डबे लागतील. महिन्याचे २६ दिवस धरले, तर रोज किमान २४. तुमच्या भागात असे २४ जण सापडत नसतील, तर भांडी घेण्याआधी ग्राहक बदला किंवा भाग बदला.

एक ग्राहक निवडला म्हणजे बाकीच्यांना दार बंद केलं, असं नाही. आले तर त्यांनाही द्या. पण भाव, चव, वेळ आणि जाहिरात ठरवताना डोळ्यांसमोर तो एकच माणूस ठेवा.

घरातली साठवलेली रक्कम धंद्यात घालण्याआधी एवढं कराच. दहा माणसांशी बोलायला पैसे लागत नाहीत, मित्रांनो. चुकीच्या ग्राहकासाठी भरलेला माल मात्र फार महागात पडतो!