गाडीची किल्ली ठेवल्यावर

1 जानेवारी 1960. अ‍ॅरिझोनात, फीनिक्स शहराच्या वायव्येला, कालपरवापर्यंत कापूस पिकत होता त्या जमिनीवर बांधकाम व्यावसायिक डेल वेब यांनी ‘सन सिटी’ खुली केली. खास निवृत्तांसाठी वसवलेले गाव. पाच नमुना घरे, गोल्फचे मैदान, दुकाने, करमणूक केंद्र. पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख माणसे ते पाहायला लोटली आणि रस्त्यावर मोटारींच्या रांगा लागल्या. गावाची आखणीही घरटी मोटार गृहीत धरूनच झालेली. साठीत घर घेतलेला माणूस ऐंशीत गाडी चालवू शकेल का, हा प्रश्न रहिवाशांची वये वाढली तसा टोकदार होत गेला.

तो किती मोठा आहे, हे 2002 मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मधल्या एका अभ्यासाने दाखवले. सत्तरीतल्या पुरुषांना गाडी सोडल्यानंतरची सुमारे सहा वर्षे आणि स्त्रियांना सुमारे दहा वर्षे दुसऱ्याच्या भरवशावर प्रवास करावा लागतो. डॉक्टर, बाजार, चर्च, मैत्रीण, सगळीकडे.

कॅलिफोर्नियात याचे एक उत्तर आधीच आकाराला आले होते. रॉस कॉर्टेसी यांनी 1964 मध्ये सुरू केलेल्या ‘लेझर वर्ल्ड’ वसाहतीत रहिवाशांसाठी वसाहतीच्याच बस धावू लागल्या. 1999 मध्ये ही वसाहत लगूना वुड्स या स्वतंत्र शहराचा भाग झाली. पुढे शहराने ज्येष्ठांना सवलतीच्या दरात टॅक्सीची कुपने द्यायला सुरुवात केली. बस जिथे पोचत नाही तिथे टॅक्सी, इतका साधा हिशेब.

1990 च्या अपंग हक्क कायद्याने सार्वजनिक सेवेच्या नव्या बसमध्ये चाकाची खुर्ची चढवण्याची सोय सक्तीची केली. ज्यांना बस वापरणे जमत नाही, त्यांच्यासाठी आगाऊ नोंदणीची वेगळी गाडीही बंधनकारक झाली. पण हा हक्क नेहमीच्या बसमार्गापासून पाऊण मैल, म्हणजे सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंतच. गावातून बसच जात नसेल, तर हक्कही नाही. गावाबाहेर स्वस्त जमिनीवर उभ्या राहिलेल्या वसाहतींना ही अट फार जाचली.

फ्लोरिडातल्या ‘द व्हिलेजेस’ने वेगळी वाट धरली: गोल्फ कार्ट. 2010 ते 2020 या दशकात या महानगर क्षेत्राची लोकसंख्या 39 टक्क्यांनी वाढून 1,29,752 झाली. तिथे कार्टसाठी शंभर मैलांहून लांबीचे मार्ग आहेत, महामार्गावरून जाणारे पूलही आहेत. ताशी वीस मैलांच्या आतली ही कार्ट चालवायला फ्लोरिडात प्रौढांना वाहन परवाना लागत नाही. त्यामुळे परवाना गेलेल्या कितीतरी जणांचे बाहेर पडणे टिकले. मात्र नजर अधू झाली किंवा दूरच्या रुग्णालयात जायचे असले, की कार्टही उपयोगाची नाही.

मेन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये कॅथरीन फ्रॉइंड यांनी 1995 मध्ये सुरू केलेली सेवा म्हणूनच मोलाची. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला 84 वर्षांच्या चालकाच्या गाडीची धडक बसली होती, मूल वाचले. फ्रॉइंड यांनी राग न धरता व्यवस्था उभारली. वृद्धांनी आपली गाडी संस्थेला द्यायची, तिच्या किमतीइतका प्रवास खात्यावर जमा करून घ्यायचा. स्वयंसेवक चालकही स्वतःच्या उतारवयासाठी असाच प्रवास साठवू शकतात.

2017 मध्ये ‘व्हॉयेज’ कंपनीने सॅन होजेच्या एका निवृत्त वसाहतीत स्वयंचलित टॅक्सीचे प्रयोग मांडले. पुढच्या वर्षी ती फ्लोरिडातल्या ‘द व्हिलेजेस’मध्ये उतरली. संथ, आखीव रस्ते आणि गरजू प्रवासी, दोन्ही तिथे एकत्र होते. मार्च 2021 मध्ये ‘क्रूझ’ने ही कंपनी विकत घेतली. डिसेंबर 2024 मध्ये ‘क्रूझ’ची मालक असलेल्या जनरल मोटर्सने स्वयंचलित टॅक्सीच्या कामाला पैसा पुरवणे थांबवले. वसाहतींमधल्या वृद्धांना आजही लागते ती फोनवर मागवता येणारी, दारात थांबणारी गाडी. आणि हात देऊन चढवणाऱ्या चालकाच्या पगाराची तरतूद.